मिशीदादांचं लॉगिन

४ फेब्रुवारी

आत्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी दचकशील, म्हणून पहिल्यांदा सांगते: घरी सगळे धडधाकट आहेत. पत्र लिहितेय, कारण फोनवर बोलायची आणि कॉम्प्युटरवर टाइप करायची मला भीती वाटायला लागली आहे. हसू नकोस.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू सगळ्यांना सांगतेस, "आमची ठमी कॉम्प्युटरमध्ये आहे." मी कॉम्प्युटरमध्ये नाही गं, कागदांत आहे. आमची कंपनी लोकांच्या आजारपणाचा विमा उतरवते. कुणाला काय झालं होतं, कुठे ऑपरेशन झालं, कसल्या गोळ्या चालू होत्या, लाखो लोकांचं सगळं आमच्याकडे साठवलेलं असतं. ते चोरीला जाऊ नये म्हणून सायबर सुरक्षेचं एक खातं आहे. ते खातं बाहेरच्या अकरा कंपन्यांकडून कामं करून घेतं, आणि त्या अकरांचे करार मी सांभाळते. कबूल केलेलं काम झालं का, नाही झालं तर कुठल्या कलमाने धरायचं, एवढंच.

सगळ्यात मोठा करार पहारा देणाऱ्या कंपनीचा. आमच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर त्यांचं सॉफ्टवेअर बसवलेलं आहे आणि कुठे काही वावगं चाललंय का हे त्यांची माणसं बघत असतात. हा करार मार्चअखेर संपतोय. तो पुढे चालू ठेवण्याआधी मी तपासणी करते. त्यासाठी त्यांच्यापैकी कुणाकुणाकडे आमचं लॉगिन आहे, त्याची यादी काढली. सव्वीस नावं, आणि प्रत्येकापुढे तो शेवटचा कधी आत आला ती तारीख.

चौदावं नाव मिशीदादांचं.

मिशीदादा त्यांचे जुने इंजिनिअर. भला माणूस. गेल्या जूनमध्ये हार्ट अटॅकने गेले. मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोशेजारी तासभर बसून आले होते. आणि यादीत त्यांचं शेवटचं लॉगिन होतं गेल्या मंगळवारचं, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं.

यादी दोनदा पुन्हा वाचली. पण म्हटलं, असेल काही चूक. त्या कंपनीतर्फे आमच्याशी बोलणारा एक माणूस आहे, जिभेवर साखर ठेवूनच जन्मलेला. आम्ही त्याला गोडबोल्या म्हणतो. त्याला मेल लिहायला घेतला. दोन ओळी झाल्या, तिसरी अर्धी होती, आणि टेबलावरचा फोन वाजला.

"मॅडम, कशा आहात? एक सुचवू का? काही शंका आली तर लिहिण्याआधी मला फोन करत जा. मेलामेलीत उगाच गैरसमज होतात."

"कसली शंका?"

"जुनी नावं यादीत राहून जातात हो. माणसंच आहोत शेवटी."

मेल मी पाठवलाच नव्हता, आत्या. तिसरी ओळ अर्धीच होती.

त्या दिवसापासून लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली आहे. मैत्रिणीशी बोलताना मध्येच गप्प होते. कुंपणच शेत खातंय, की मलाच भास होतायत? तुला हे विचारायला मला का भीती वाटते, ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

तुझी,
ठमी


९ फेब्रुवारी

ठमे,

आशीर्वाद नेहमीचेच. शेवटी जे विचारलंस त्याचं उत्तर सगळ्यात आधी देते. भास नाही. भासाला तारीख-वेळ नसते, आणि तो यादीत चौदाव्या नंबरावर छापलेला नसतो. हे वाक्य कागदावर उतरवून पर्समध्ये ठेव.

आता माझं ऐक. एकतीस वर्षं मी हॉस्पिटलचं स्टोअर सांभाळलं. चार नंबरच्या वॉर्डात पेशंट दगावला तरी त्याच्या नावाने आठ-आठ दिवस दूध निघायचं. एक नवी सिस्टर घाबरून म्हणाली, "बाई, वॉर्डात भूत आहे." म्हटलं, भूत असेल तर असू दे, पण त्याला रोज अर्धा लिटर लागतं हे नवल आहे. मेलेला माणूस दूध पीत नाही, ठमे. त्याच्या नावावर कुणीतरी जिवंत माणूस पितो. तो शोधायचा असेल तर वहीतलं नाव खोडायचं नाही. खोडलंस की पिणारा सावध होतो. चार दिवस गप्प बसून मी वॉर्डाच्या मागच्या दाराशी खुर्ची टाकली होती.

म्हणून मिशीदादांचं लॉगिन बंद करू नकोस. गोडबोल्याशी गोडच बोल. करार काढून शब्दन् शब्द वाच, आणि एकटी राहू नकोस. तुझ्या साहेबांना सांग, तोंडी.

बाकी इकडे बरं आहे. तुझ्या ऑफिसातल्या एका मुलीचा परवा फोन आला होता. कर्मचाऱ्यांची माहिती पडताळतायत म्हणाली. फार आदबशीर. तुझी पहिली शाळा, तुझ्या आईचं माहेरचं आडनाव, लहानपणी तुला काय हाक मारायचे, एवढंच विचारलं. ठमी हे नाव ऐकून हसली बिचारी.

आत्या


१३ फेब्रुवारी

आत्या,

आमच्या ऑफिसातून कुणी कुणाच्या आत्याला फोन करत नाही.

तुला घाबरवायचं नाही, पण तू दिलेली तिन्ही उत्तरं म्हणजे माझ्या खासगी मेलच्या कुलपाची किल्ली. पासवर्ड विसरला तर तेच प्रश्न विचारतात. गुरुवारी दुपारी दोन तास माझ्या मेलमध्ये मलाच शिरता येत नव्हतं. परत शिरले तेव्हा काहीच हललेलं नव्हतं. त्याचीच जास्त भीती वाटली. चोर घरात येऊन सगळं जागच्या जागी ठेवून गेला.

पुन्हा कुणाचाही फोन आला, अगदी माझ्या आवाजात आला, तरी काही सांगू नकोस. माझ्या आवाजात आला तर विचार, "लहानपणी स्टोअरच्या कुठल्या रॅकखाली लपून बसायचीस?" ते मी कुठेही लिहिलेलं नाही, इथेही लिहीत नाही.

साहेबांना सांगितलं. साहेब म्हणजे आमच्या खात्याचे प्रमुख. दोन केबिन पलीकडे ऐकू जाईल असा आवाज. यादी समोर ठेवली आणि चौदाव्या नावावर बोट ठेवलं, तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. उठून दार लावलं.

"हे अजून कुणाला दाखवलंस?"

"नाही."

"दाखवू नकोस. रिन्यूअलचे कागद तयार कर आणि हा विषय सोड."

"साहेब, कुणीतरी मेलेल्या माणसाच्या नावाने..."

"सोड म्हटलं ना!" हे ते एवढ्या हळू म्हणाले की मला ओठांवरून समजलं.

कागद घेऊन मी जागेवर आले. आता मला वाटतंय की तेही सामील आहेत. करार वाचला. त्यात एक कलम आहे: सुरक्षेला तातडीचा धोका असेल तर एक दिवसाची नोटीस देऊन आम्ही त्यांच्या जागेत शिरून तपासणी करू शकतो. पण नोटिशीवर दोन सह्या हव्यात, खातेप्रमुखांची आणि कंपनीच्या वकिलांची. वकील नऊ मार्चपर्यंत रजेवर. आणि खातेप्रमुख म्हणजे साहेब. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची, तर घंटा मांजराकडेच!

यादीची एक प्रत सोबत पाठवतेय. सांभाळून ठेव.

ठमी


१८ फेब्रुवारी

ठमे,

एवढी वर्षं सप्लायरांना कोळून प्यायले आणि एका पोरीच्या गोड आवाजाला भुलले. आरशात माझंच तोंड मला बघवत नाही. माफी मागत नाही, कारण ती देण्यात तुझा वेळ जाईल.

तुझ्या साहेबांबद्दल बोलू. दार लावून "सोड" म्हणणारा माणूस एक तर चोर असतो, नाहीतर घाबरलेला. दोघांचे चेहरे सारखेच पांढरे पडतात. तू लिहिलंस, "कागद घेऊन मी जागेवर आले." म्हणजे त्यांनी ती यादी ठेवून घेतली नाही. चोराने आधी कागद मागितला असता. हा माणूस चोर नाही, त्याला कुणीतरी धरलंय. त्याला एकट्याला गाठ, भिंतींच्या बाहेर. आरोप करू नकोस. "तुम्हाला कशाची भीती आहे?" एवढंच विचार.

यादी पोचली, जपून ठेवली आहे. इकडे सगळं ठीक. दाराची जुनी कडी सैल झाली होती, नवी बसवून घेतली.

मागे हटू नकोस. पुढे जा.

आत्या


२६ फेब्रुवारी

आत्या,

तुझं खरं निघालं.

साहेब हल्ली लिफ्ट सोडून जिन्याने उतरतात. सोमवारी दुपारी मी तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये त्यांना गाठलं आणि तू सांगितलेलं विचारलं. ते पायरीवर बसले. एवढा मोठा माणूस, कोटासकट, धुळीच्या पायरीवर.

"डिसेंबरात मला घरी एक पाकीट आलं," ते म्हणाले. "आत माझेच मेडिकलचे कागद होते. माझा हात का थरथरतो, पुढे काय होणार, सगळं डॉक्टरांच्या अक्षरात. कंपनीत कुणाला माहीत नाही. वर एक ओळ टाइप केलेली होती: करार सुखाने पुढे जाऊ दे."

"कुणी पाठवलं?"

"तुला काय वाटतं?"

मग मला सगळं लख्ख दिसलं. मिशीदादांचं लॉगिन आमच्या विम्याच्या नोंदींपर्यंत पोचतं. ते कुणी नुसतं पहारा देण्यासाठी वापरत नाही, आमच्याच माणसांच्या फायली उपसायलाही वापरतंय.

मी नोटीस हाताने लिहून नेली होती. साहेबांनी ती गुडघ्यावर ठेवून सही केली. हात थरथरत होता. भीतीने की आजाराने, मी विचारलं नाही. वकील नऊ तारखेला आले की दुसरी सही होईल, दहाला नोटीस, अकराला तपासणी.

बस स्टॉपवर पोचेपर्यंत मला बरं वाटत होतं. मग तिथल्या बाकावर बसले. आत्या, माझी फाइलही तिथेच आहे. लग्नाआधीचे ते चार महिने. सगळे माझ्याकडे बघतायत, भिंतीपलीकडून ऐकतायत असं वाटून मी जेवणं सोडलं होतं आणि तू मला त्या हॉस्पिटलात ठेवलंस. बाबांनी विमा आमच्याच कंपनीचा काढलेला होता, म्हणजे ते सगळे कागद इथेच आले. बाबांनी जगाला सांगितलं की मी कोर्सला गेले आहे. यांनाही लग्नाआधी तेच सांगितलं, आणि मी आठ वर्षं तेच सांगत आले.

त्यांनी ते कागद उघडले तर कोण माझा शब्द खरा मानेल? "बाई आधीपासूनच तशी आहे, तिला असलं वाटतंच," एवढं म्हटलं की मिशीदादाही संपले आणि यादीही संपली.

मला माघार घ्यावीशी वाटतेय. काय करू?

ठमी


१ मार्च

ठमे,

हे पत्र मी तीन वेळा फाडलं.

त्यांनी तुझी फाइल कधीच उघडली आहे. सोळा फेब्रुवारीला माझ्या दाराच्या फटीतून एक पाकीट आत आलं. तिकीट नाही, शिक्का नाही, म्हणजे कुणीतरी हाताने सारलं. आत तुझे कागद. भरती केलं त्या दिवशीच्या फॉर्मवर माझीच सही. वर एक ओळ: "भाचीला समजवा."

म्हणजे अठरा तारखेला मी तुला "पुढे जा" लिहिलं, तेव्हा ते पाकीट माझ्यासमोर टेबलावर होतं. तुला सांगितलं असतं तर तू थांबली असतीस. म्हणून सांगितलं नाही. तुझ्या आयुष्याचा निर्णय मी घेतला, तुला न विचारता. तुझ्या बाबांनी कोर्सची गोष्ट रचली तेव्हा मी गप्प बसले होते, आणि आता पुन्हा तेच केलं. घराण्याचीच खोड म्हणायची.

कडी सैल झाली नव्हती. मी घाबरले होते. दिवसाउजेडीसुद्धा दाराशी पाय वाजले की स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते.

एकच सांगते, या वेळी हुकूम म्हणून नाही. जावईबापूंना तूच सांग. दुसऱ्याच्या पाकिटातून कळण्याआधी. मग तपासणीला जायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी एक शब्द बोलणार नाही.

आत्या


५ मार्च

आत्या,

सांगितलं. काल सकाळी, चहा ओतता ओतता. बसून सांगायचं धैर्य नव्हतं.

हे म्हणाले, "आठ वर्षं?" बस. आजाराबद्दल एक शब्द नाही. चपला घालून बाहेर गेले, दुपारी आले, आणि आता बाहेरच्या खोलीत झोपतात. जेवायला वाढलं तर जेवतात. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुझ्यावर मी फार चिडले आहे. तू माझ्या पाठीशी उभी आहेस असं मला वाटत होतं, आणि तू पाठीमागून ढकलत होतीस. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझा राग गेला तरी तुला आठवेल.

अकराला मी जाणार आहे. तू सांगतेस म्हणून नाही.

ठमी


१५ मार्च

आत्या,

तपासणी झाली. क्रमाने सांगते, म्हणजे काही राहणार नाही.

अकराच्या सकाळी मी निघाले तर हे गाडी काढून खाली उभे. म्हणाले, "बसने जाऊ नकोस." त्या कंपनीच्या दाराशी सोडलं आणि म्हणाले, "मी इथेच आहे. कितीही वेळ लागू दे."

आत मी, वकीलबाई, साहेब आणि आमचा नेटवर्कचा इंजिनिअर. मोठा हॉल, सव्वीस खुर्च्या आणि माणसं सहा. गोडबोल्या म्हणाला, "बाकीचे दुसऱ्या शिफ्टला असतात." त्यांच्या मालकीणबाई होत्या, साठीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या.

आमच्या इंजिनिअरने आपला लॅपटॉप उघडला आणि मान हलवली. मिशीदादा त्या क्षणी आत होते.

मी उभी राहिले. "आपण सगळ्यांनी जरा की-बोर्डवरून हात उचलता का?" सहाही जणांनी हात वर केले, पोलिसांनी धरल्यासारखे. इंजिनिअर म्हणाला, "अजून चालूच आहे. आत्ता एक फाइल उघडली."

मी मालकीणबाईंना विचारलं, "तुमचे मिशीदादा आत्ता कुठे बसून काम करतायत?"

त्या हसल्या. "अहो, ते तर जूनमध्ये..." आणि थांबल्या. सावकाश गोडबोल्याकडे वळल्या. "कुठून चाललंय हे?"

"मॅडम, ते तात्पुरतं..."

"कुठून?"

टायरच्या दुकानावर एक खोली होती. गोडबोल्याला घेऊनच आम्ही तिथे गेलो. आमचं काम त्याने परस्पर दुसऱ्याच लोकांना देऊन टाकलं होतं. नऊ माणसं, कुणाचीच नावं आमच्याकडे नाहीत. नवीन लॉगिन मागितलं तर माझ्याकडे चौकशीचा फॉर्म भरावा लागतो, म्हणून सगळे एकाच मेलेल्या माणसाच्या नावाने आत शिरायचे. पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला. नोटीस मिळूनही ते लॉगिन त्याला बंद करता आलं नाही, कारण बंद केलं असतं तर आमच्यावरचा पहाराच थांबला असता आणि लगेच बोंब झाली असती.

त्या खोलीतल्या प्रिंटरमध्ये काय काय छापलं त्याची नोंद राहते. ती वकीलबाईंनी काढून घेतली. सात जणांच्या फायली छापलेल्या होत्या. साहेब, मी, आणि आणखी पाच. पाचही आमच्याच मजल्यावर बसतात, आत्या. रोज लिफ्टमध्ये भेटतात, हवापाण्याच्या गप्पा मारतात. प्रत्येकाच्या घरी एकेक पाकीट, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच.

संध्याकाळपर्यंत त्यांचं सगळं तोडलं. पोलिसांत तक्रार झाली. गोडबोल्याला दोनदा बोलावून घेतलंय. फोनवरची ती आदबशीर मुलगी कोण, ते अजून कळलेलं नाही. तुझ्या घराचा पत्ता त्यांच्याकडे आहेच. म्हणजे कडी राहू दे.

आणि व्हायचं ते झालंच. बारा तारखेला सकाळी कुठल्याशा बाहेरच्या पत्त्यावरून अख्ख्या ऑफिसला माझे कागद गेले. तू सही केलेला फॉर्म, डॉक्टरांचा शेरा, सगळं. मी दारातून आत गेले आणि पूर्ण मजला एकदम कॉम्प्युटरमध्ये तोंड घालून कामाला लागला. वकीलबाई म्हणाल्या, "आठ दिवस रजा घे." म्हटलं, नको. घरी बसले तर पुन्हा वाटायला लागेल की सगळे माझ्याकडे बघतायत. इथे निदान खरंच बघतायत.

बसले. नव्या पहारेकऱ्यांसाठी कराराचा मसुदा उघडला. अक्षरं दिसत नव्हती. अकराच्या सुमाराला क्लेम विभागातल्या एक बाई आल्या. वीस वर्षं नोकरी झालेल्या, कुणाशी फारसं न बोलणाऱ्या. माझ्या टेबलावर एक पाकीट ठेवलं आणि म्हणाल्या, "माझं जानेवारीत आलं." तिथेच खुर्ची ओढून बसल्या. दुपारी आणखी एक जण आला, नंतर स्वागतकक्षातली मुलगी. तीन पाकिटं झाली. आता ती तिघंही तक्रारीत आहेत. दोघं अजून आलेली नाहीत. प्रिंटरच्या नोंदीमुळे ती कोण हे मला माहीत आहे. मी विचारणार नाही.

साहेबांनी स्वतःच वर जाऊन आजाराचं सांगून टाकलं. खुर्ची राहील की जाईल ते मार्चअखेर कळेल.

यांचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी तपासणीहून परतताना सिग्नलला गाडी थांबली होती. समोर बघतच विचारलं, "त्या चार महिन्यांत तुला भेटायला कोण यायचं?"

"आत्या."

"अजून?"

"कोणी नाही."

सिग्नल सुटला, मागची गाडी हॉर्न वाजवत होती, तरी यांनी गाडी काढली नाही. मग म्हणाले, "कुठे आहे ते हॉस्पिटल? मला बघायचंय."

तर रविवारी आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. तिथून तिघं मिळून जाऊ. तुझ्यावरचा राग अजून आहे, तो घेऊनच येतेय. दाराशी पाय वाजले तर आत पळू नकोस, आम्हीच असू.

ठमी